मैदान एक, जर्सी पाच: खान्देशात विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ठरतो कसा?

नवा कोच आला की ‘जुने ठेवणार की नवे घेणार’ हा वाद ठरलेला. पण खान्देशात संघाची निम्मी निवड कोचने शिट्टी गळ्यात घालण्याआधीच, जून महिन्यात प्रवेशाच्या अर्जावर होऊन गेलेली असते. समजून घेऊया, नेमकं काय घडतं.

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची यादी लागली की जळगाव-धुळ्यात तोच वाद नव्याने सुरू होतो. ‘आमच्या कॉलेजचे दोनच का?’ ‘तो उंच पोरगा कुठे गेला?’ ‘यंदा कोच नवीन आहेत, ते आपलीच पोरं घेणार.’ कोर्टाच्या कट्ट्यावर बसलेले माजी खेळाडू, जिमखान्यातले ज्युनियर आणि पालक, प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःची १२ नावांची यादी तयार असते.

वाद चुकीचा नाही. संघावर प्रेम असल्याशिवाय कुणी एवढं बोलत नाही. पण या वादात सगळा भार कोचवर टाकला जातो. कोचच्या हातात किती असतं आणि किती नसतं, हे पाहिलं की चित्र बदलतं.

थोडक्यात

- संघात १२ जण, मैदानावर ५. निवड फक्त संलग्न कॉलेजांच्या नियमित विद्यार्थ्यांतून.
- धुळे जिल्ह्यातला विद्यार्थी अभ्यासक्रमानुसार पाच वेगवेगळ्या विद्यापीठांचा होऊ शकतो.
- आपल्याकडे कोच बहुतेक वेळा स्पर्धेपुरता नेमला जातो. त्याच्या हाती महिने नव्हे, दिवस असतात.
- खेळाडू दोन वेळा निसटतात: बारावीनंतर आणि पदवीनंतर.

अमेरिकेतला नवा कोच काय करतो?

कॉलेज बास्केटबॉलमध्ये ‘नवा कोच, नवा संघ’ ही कल्पना आली अमेरिकेतून. तिथलं अलीकडचं ठळक उदाहरण केंटकी विद्यापीठाचं. आठ राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेल्या या विद्यापीठाचे कोच जॉन कॅलिपारी २००९ पासून तिथे होते. एप्रिल २०२४ मध्ये ते आर्कान्सा विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी आले मार्क पोप, केंटकीच्याच १९९६ च्या विजेत्या संघाचे कर्णधार. पोप यांच्या हाती आला तो जवळजवळ रिकामा बाक. शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू संघात उरला नव्हता.

तरीही मार्च २०२५ मध्ये केंटकी राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या १६ संघांत होता. गंमत म्हणजे कॅलिपारी यांनी आर्कान्सात जवळपास शून्यातून उभा केलेला संघही तिथपर्यंत पोहोचला.

हे शक्य झालं तीन गोष्टींमुळे. पहिली, २०१८ मध्ये सुरू झालेलं ‘ट्रान्सफर पोर्टल’. खेळाडू तिथे नाव नोंदवतो आणि इतर विद्यापीठांचे कोच त्याच्याशी थेट बोलू शकतात. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, ती अट आता राहिलेली नाही. दुसरी, पैसा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातीतून कमाई करता येते. २०२५-२६ पासून तर विद्यापीठच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. त्या पहिल्या वर्षी त्याची मर्यादा एका विद्यापीठाच्या सर्व खेळांसाठी मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. कोच एप्रिलमध्ये आला आणि हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. हाताशी सात महिने.

आता या तीन गोष्टी आपल्याकडे लावून पाहा. पोर्टल नाही, पैसा नाही. आणि वेळ?

आपल्याकडे संघ कसा तयार होतो?

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. त्याआधी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे आज विद्यापीठाचं कार्यक्षेत्र तीन जिल्ह्यांचं आहे.

संघाचा रस्ता साधारण असा असतो. आधी कॉलेजचा संघ. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून पुढची फेरी आणि निवड चाचणी. मग १२ जणांची यादी, काही दिवसांचं शिबिर आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा.

पश्चिम विभागीय स्पर्धा भरवली जाते भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली. ही संस्था १९२५ साली इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड म्हणून सुरू झाली. देशाचे चार विभाग पाडले जातात. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात, म्हणजे एकूण १६. त्यातल्या पहिल्या आठांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. ही स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली.

खेळाडूसाठी मुख्य अटी अशा: तो पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी हवा, वय २५ च्या आत हवं, बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ गेलेला नको आणि पूर्णवेळ नोकरी नको. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं.

या अटी नीट वाचल्या तर लक्षात येईल की आपल्या कोचला ‘भरती’ करताच येत नाही. ज्याने जूनमध्ये ज्या कॉलेजात प्रवेश घेतला, तो त्या विद्यापीठाचा. कोच फक्त समोर आलेल्यांतून निवडतो.

मग ‘तो पोरगा’ कुठे गेला?

हा प्रश्न कट्ट्यावर सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याचं उत्तर कोचच्या वहीपेक्षा संलग्नतेच्या कागदावर जास्त वेळा सापडतं.

धुळे जिल्ह्याचंच घ्या. एकाच कोर्टवर, एकाच शाळेच्या संघात खेळलेले पाच मित्र बारावीनंतर पाच वाटांनी गेले असं समजा.

- पहिल्याने बीए किंवा बीएस्सीला प्रवेश घेतला. तो उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा.
- दुसरा शिरपूरला आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इंजिनिअरिंगला गेला. कॉलेज स्वायत्त असलं तरी जोडलेलं आहे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला, आणि लोणेरे आहे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात.
- तिसऱ्याला धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला जागा मिळाली. त्याची जर्सी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.
- चौथा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात. तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा.
- पाचवा शिरपूरच्याच एनएमआयएमएसच्या आवारात. ते अभिमत विद्यापीठ, म्हणजे संघही त्यांचाच.

पाचही जण संध्याकाळी घरी येऊन एकाच रिंगवर बॉल टाकू शकतात. पण विद्यापीठ स्पर्धेत ते एकमेकांसोबत खेळूच शकत नाहीत. आणि यात सहावी वाट आहे पुण्याची. ती धरणारा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडून खेळतो आणि कदाचित पश्चिम विभागात आपल्याच जुन्या मित्रांसमोर उभा राहतो.

मी स्वतः खान्देशातल्याच एका कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं. आमच्या बॅचला धुळ्याचा एक पॉइंट गार्ड होता, शाळेत विभागीय स्तरापर्यंत खेळलेला. पहिल्या वर्षी जिमखान्यात विचारायला गेला तेव्हा त्याला कळलं की आपलं विद्यापीठ वेगळं आहे, निवड चाचणी राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याच आठवड्यात युनिट टेस्ट आहे. तो गेला नाही. चौथ्या वर्षी त्याने बूट धाकट्या भावाला देऊन टाकले. कुठल्याही कोचने त्याला वगळलं नव्हतं. तो कुठल्या कोचसमोर आलाच नव्हता.

नवा कोच म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेत कोच ही वर्षभराची पूर्णवेळ नोकरी आहे. आपल्याकडे विद्यापीठ संघाचा कोच साधारणपणे संलग्न कॉलेजातल्या शारीरिक शिक्षण संचालकांपैकी एक असतो. त्याला त्या स्पर्धेपुरतं नेमलं जातं. उरलेलं वर्ष तो स्वतःच्या कॉलेजात कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ, प्रवेश समिती, परीक्षेची ड्युटी असं सगळं पाहत असतो. त्यात राज्यभर ही पदं रिक्त राहण्याचं दुखणं जुनं आहे. पद रिकामं असलेल्या कॉलेजात जिमखान्याची चावी कुणाकडे आहे, इथपासून सुरुवात होते.

म्हणजे ‘यंदा नवा कोच’ ही आपल्याकडे बातमी नसते. कोच बदलणं हाच नियम असतो.

वैयक्तिक खेळात याचा फटका कमी बसतो. धावपटू वर्षभर स्वतःच्या गुरूकडे सराव करतो, विद्यापीठाचा ट्रॅकसूट घालून पळतो आणि पदक आणतो. बास्केटबॉलचं तसं नाही. समोरचा कधी वळणार, स्क्रीन कोण लावणार, रिबाउंडला आत कोण जाणार, ही समज एकत्र खेळून येते. १२ चांगले खेळाडू आणि आठ दिवस यांची बेरीज संघ होत नाही. म्हणूनच पहिल्या सामन्यात आपला संघ अनेकदा पाच वेगवेगळ्या कॉलेजांसारखा खेळताना दिसतो. तो तसाच जमवलेला असतो.

‘आपलीच पोरं घेतली’ हा आरोप किती खरा?

यादीत एकाच कॉलेजचे चार-पाच जण दिसले की वशिल्याची कुजबुज होते. कधी त्यात तथ्यही असू शकतं. पण तीन साधी कारणं आधी तपासायला हवीत.

एक, जिंकणारा संघ जास्त सामने खेळतो. स्पर्धा बाद पद्धतीची असेल तर पहिल्याच फेरीत हरलेल्या कॉलेजचा उत्तम खेळाडू निवड समितीला ४० मिनिटंच दिसतो. विजेत्या संघाचा सहावा खेळाडूही तीन-चार सामने दिसतो.

दोन, शिबिर छोटं असेल तर कोच आधीच जुळलेली जोडी उचलतो. एकाच कॉलेजचे गार्ड आणि सेंटर असतील तर त्यांना एकमेकांची सवय असते. दिवस कमी असताना हा निर्णय अन्यायाचा वाटला तरी अतार्किक नसतो.

तीन, कोर्ट असलेली कॉलेजंच कमी. खान्देशात मैदान म्हटलं की कबड्डी, खो-खो, क्रिकेट आणि व्हॉलीबॉल. बास्केटबॉलला सपाट पक्का कोर्ट, दोन मजबूत पोल आणि दिवे लागतात. जळगाव, धुळे आणि मोजकी मोठी गावं सोडली तर ही सोय विरळ. जिथे कोर्ट तिथे खेळाडू, आणि जिथे खेळाडू तिथूनच यादी.

त्यात अंतर. नवापूरहून जळगावला यायचं तर रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या घरात. चाचणी सकाळी आठला असेल तर आदल्या दिवशी निघावं लागतं. त्या रात्री राहायचं कुठे, हा प्रश्नही निवडीचाच भाग होतो, फक्त तो यादीत दिसत नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणजे पारदर्शकता. चाचणीत काय मोजलं, कुणाला किती गुण दिले, हे यादीसोबत लावलं तर निम्मा वाद तिथेच मिटेल. उरलेला निम्मा निदान मुद्द्यावर होईल.

पश्चिम विभागात गाठ कुणाशी?

या विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्यातली विद्यापीठं येतात. मुंबई आणि पुणे विद्यापीठांकडे शहरातल्या क्लबमध्ये लहानपणापासून खेळलेली मुलं असतात. तिथला कोच तीन दिवसांत संघ जमवू शकतो, कारण त्याची मुलं वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळतच असतात. फरक कोचच्या हुशारीपेक्षा या वर्षभराच्या सामन्यांचा जास्त आहे.

देशपातळीवर तर चित्र आणखी बदललंय. सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मिळणारी मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी १९५६-५७ पासून दिली जाते. २०२३ ची अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने जिंकली, २०२४ ची चंदीगड विद्यापीठाने. यातलं दुसरं खासगी आहे. मोठी खासगी विद्यापीठं आता खेळाडूंना फी माफी, हॉस्टेल आणि शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. म्हणजे भारतातही एक प्रकारची ‘भरती’ सुरू झालीच आहे. फरक एवढाच की तिचं केंद्र खान्देशात नाही. इथून फक्त मुलं जातात.

मुलींचा संघ: वेगळं गणित

भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची. महाराष्ट्राच्या मुली या खेळात वरपर्यंत जातात, यात शंका नाही. खान्देशात अडचण येते ती घड्याळाची.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिमेंटच्या कोर्टवर दुपारी पाय ठेवता येत नाही. सराव होतो तो पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. या दोन्ही वेळा मुलींच्या घरून सहज परवानगी मिळण्याच्या नाहीत. कोर्टवर दिवे, सोबत महिला प्रशिक्षक आणि परतीची एसटी या तीन गोष्टी नसतील तर चांगली खेळाडू पहिल्या वर्षातच थांबते. कोच कितीही चांगला असला तरी थांबलेल्या मुलीला यादीत घेऊ शकत नाही.

एवढ्यासाठी एवढं कशाला?

कारण इथे पणाला लागतं ते फक्त ट्रॉफीचं कपाट नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र कोणत्या दर्जाच्या स्पर्धेचं आणि कोणत्या क्रमांकाचं आहे, हे तपासलं जातं. विभागातून पुढे गेलेला संघ आणि पहिल्या फेरीत परतलेला संघ यांच्या कागदात फरक पडतो. शेतकऱ्याच्या किंवा हातमजुरी करणाऱ्याच्या मुलासाठी तो कागद मोठा असतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहशालेय उपक्रम म्हणून खेळालाही श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे मैदानावरचे तास आता ‘वाया’ गेलेले म्हणता येणार नाहीत.

दुसरी गळती: पदवीनंतर

बारावीनंतरची गळती सगळ्यांना दिसते. पदवीनंतरची दिसत नाही. आठ वर्षं आणि २५ वय या अटी पाहिल्या तर १८ व्या वर्षी आलेला खेळाडू पदवी आणि मग एमए, एमकॉम, बीपीएड किंवा लॉ असं करत पाच-सहा हंगाम खेळू शकतो. पण तिसऱ्या वर्षानंतर तो पोलिस भरतीच्या तयारीला लागतो किंवा पुण्याला नोकरी शोधायला जातो. परिणामी दरवर्षी साधारण एक तृतीयांश संघ रिकामा होतो, आणि तोही सगळ्यात अनुभवी भाग.

आपल्या कोचला भरती करता येत नाही, पण टिकवून ठेवता येतं. पदव्युत्तर प्रवेशावेळी चार अनुभवी खेळाडूंची फी आणि हॉस्टेल यांची सोय झाली, तर ती आपल्या परिस्थितीतली सर्वांत स्वस्त ‘भरती’ ठरेल.

काय बदललं तर फरक पडेल?

- कोचचं नाव स्पर्धेच्या तोंडावर नव्हे, जुलैत जाहीर व्हावं आणि नेमणूक किमान तीन वर्षांसाठी असावी.
- हरलेल्या कॉलेजांतल्या आणि स्वतःचा संघच नसलेल्या कॉलेजांतल्या मुलांसाठी खुली चाचणी असावी, शक्यतो धुळे किंवा नंदुरबारलाही.
- चाचणीचे निकष आणि गुण यादीसोबत प्रसिद्ध व्हावेत.
- शालेय स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात चमकलेल्या मुलांची नावं आणि कॉलेजांचे जिमखाने यांची गाठ मे-जूनमध्येच घातली जावी.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही. लागते ती इच्छा.

प्रवेश घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. हे कॉलेज नेमकं कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे? स्वायत्त असेल तरी मूळ विद्यापीठ विचारा.
२. अभ्यासक्रम नियमित, पूर्णवेळ आहे का?
३. कॉलेजचा बास्केटबॉल संघ गेल्या वर्षी खेळला होता का? संघच नसेल तर चाचणीपर्यंत पोहोचणार कसं?
४. शारीरिक शिक्षण संचालकाचं पद भरलेलं आहे का?
५. स्पर्धेच्या काळात बुडालेल्या अंतर्गत परीक्षांचं काय होतं?

उत्तरं तोंडी घेऊ नका, जिमखान्यात जाऊन कोर्ट पाहून घ्या. रिंगला जाळी आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

शेवटी

यंदाही यादी लागेल आणि वाद होईल. तो व्हावाच. फक्त ‘कोचने कुणाला घेतलं’ या प्रश्नाआधी ‘कोचसमोर कोण आलं’ आणि ‘त्याला किती दिवस मिळाले’ हे दोन प्रश्न विचारायला हवेत. केंटकीच्या कोचला रिकामा बाक मिळाला, पण सोबत सात महिने आणि अख्खा देश निवडायला मिळाला. आपल्या कोचला तीन जिल्हे मिळतात, तेही पाच जर्सींत वाटलेले. त्यातून जे १२ जण पश्चिम विभागात उतरतात, त्यांच्या पहिल्या सामन्याला निदान कट्ट्यावरची सगळी मंडळी एका बाजूला असावीत, एवढं तर आपल्या हातात आहे.